हडसन नदी एका कुटुंबाच्या हाती: गिबन्स विरुद्ध ऑग्डेन, १८२४

पाणकावळा

गेले काही आठवडे अमेरिकेतल्या जुन्या कोर्ट केसेस वाचतोय आणि त्यातली एक डोक्यातून जातच नाहीये म्हणून धागा काढतोय. केस आहे गिबन्स विरुद्ध ऑग्डेन, निकाल २ मार्च १८२४, सुप्रीम कोर्ट, सरन्यायाधीश जॉन मार्शल. कायद्याच्या पुस्तकात ही केस केंद्र मोठं की राज्य मोठं या प्रकरणात येते, दोन परिच्छेद असतात आणि पुढची केस सुरू. पण मला वाचताना सारखी नदी दिसत राहिली. वाहत्या पाण्यावर कोणी जायचं आणि कोणी नाही हे ठरवायचा हक्क कुणाला, हाच सगळा झगडा आहे.

सुरुवातीपासून सांगतो. रॉबर्ट लिव्हिंग्स्टन हा न्यूयॉर्कमधला बडा जमीनदार. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या पाच जणांच्या समितीत होता, म्हणजे साधा माणूस नव्हे. १७९८ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या विधिमंडळाकडून कायदा करून घेतला की राज्याच्या पाण्यावर वाफेवर चालणारी बोट फक्त त्यानेच चालवायची, वीस वर्षं. अट एवढीच की ताशी चार मैल वेगाने जाणारी बोट बनवून दाखव. लोकप्रतिनिधी तेव्हा हसले होते, असली बोट होणारच नाही याची त्यांना खात्री होती आणि म्हणूनच हक्क देऊन टाकला. पहिला प्रयत्न फसलासुद्धा. पुढे लिव्हिंग्स्टन वकील म्हणून फ्रान्सला नव्हे तर राजदूत म्हणून गेला, तिथे त्याला रॉबर्ट फुल्टन भेटला, मुदत वाढवून घेतली, आणि १७ ऑगस्ट १८०७ ला यांची बोट न्यूयॉर्कहून ऑल्बनीला निघाली. दीडशे मैल, बत्तीस तास. शिडाच्या गलबतांना त्याच वाटेला चारेक दिवस लागायचे.

एका दिवसात सगळा हिशोब बदलला. काल हसण्यावारी नेलेला कागद आज सोन्याची खाण झाला. १८०८ मध्ये विधिमंडळाने वर आणखी दिलं, प्रत्येक नव्या बोटीमागे पाच वर्षं वाढवून, एकूण जास्तीत जास्त तीस वर्षं. आणि परवान्याशिवाय कुणी वाफेची बोट आणली तर ती जप्त.

आता नकाशा बघा. हडसनच्या एका काठावर न्यूयॉर्क, दुसऱ्या काठावर न्यू जर्सी. न्यूयॉर्कचं म्हणणं, पाणी पार जर्सीच्या ओहोटीच्या रेषेपर्यंत आमचं. म्हणजे जर्सीच्या माणसाने आपल्याच काठावरून बोट पाण्यात ढकलली की तो दुसऱ्या राज्याच्या हद्दीत! जर्सीने उलटा कायदा केला, ज्याची बोट न्यूयॉर्कने धरली त्याने न्यूयॉर्कवाल्यांची बोट आपल्या पाण्यात धरावी. कनेक्टिकटने १८२२ मध्ये लिव्हिंग्स्टन-फुल्टनच्या परवान्याच्या बोटींना बंदीच घातली. तीन शेजारी एकमेकांना अक्षरशः पाण्यात पाहत होते.

एरन ऑग्डेन हा न्यू जर्सीचा माजी गव्हर्नर. आधी त्याने मक्तेदारीविरुद्ध झगडून पाहिलं, जमलं नाही, मग १८१५ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या भावाकडून परवाना विकत घेऊन एलिझाबेथटाउन ते न्यूयॉर्क फेरी चालवायला लागला. थॉमस गिबन्स हा मूळचा जॉर्जियाचा श्रीमंत वकील आणि मळेवाला, काही काळ ऑग्डेनचा भागीदार. दोघांचं बिनसलं. गिबन्सने न्यूयॉर्कचा परवाना घेतलाच नाही, १७९३ च्या केंद्रीय कायद्याखाली किनारी वाहतुकीचा परवाना घेतला आणि त्याच मार्गावर बोटी घातल्या. ऑग्डेन कोर्टात गेला. न्यूयॉर्कचे न्यायाधीश चॅन्सेलर केंट यांनी गिबन्सला मनाई केली, १८२० मध्ये राज्याच्या वरच्या कोर्टानेही तेच कायम केलं, मग वॉशिंग्टन. तिथे गिबन्सच्या बाजूने वकील डॅनियल वेब्स्टर आणि विल्यम वर्ट, समोर ओकली आणि एमेट. फेब्रुवारीत काही दिवस युक्तिवाद चालला.

राज्यघटनेने राज्याराज्यांतल्या वाणिज्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे केंद्राच्या संसदेला, दिलाय. मार्शल म्हणाला की वाणिज्य म्हणजे नुसती खरेदी-विक्री नाही, येणं-जाणं हाही त्याचाच भाग, आणि राज्याराज्यांतलं येणं-जाणं हद्दीच्या रेषेवर येऊन थांबत नाही, ते राज्याच्या आतपर्यंत जातं. केंद्राचा परवाना आहे ना, मग राज्याची मनाई त्याच्यापुढे टिकत नाही. मक्तेदारी गेली.

निकालानंतर थोड्याच दिवसांत न्यू हेवनहून 'युनायटेड स्टेट्स' नावाची बोट पताका लावून, माणसांनी भरून न्यूयॉर्क बंदरात शिरली. जी बोट कालपर्यंत आली असती तर जप्त झाली असती ती. हे वाचताना मला खरंच भरून आलं. तुम्हाला काय वाटतं, लिहा.

शब्दवेडी

फार छान लिहिलंय, एका दमात वाचलं. एक बेसिक शंका, नदी अशी कुणाच्या नावावर करून देता येते का? म्हणजे विधिमंडळाला मुळात तो हक्क होता का? जमीन एकवेळ समजू शकते पण पाणी तर थांबतच नाही एका जागी.

जुनावकील

शब्दवेडी ताई, चांगला प्रश्न आहे आणि पाणकावळा यांच्या शीर्षकात थोडी गफलत आहे म्हणून आधी ती दुरुस्त करतो. नदी कुणाच्या नावावर केली नव्हती. मक्तेदारी आगीच्या किंवा वाफेच्या जोरावर चालणाऱ्या बोटींपुरती होती. शिडाचं गलबत, वल्ह्याची होडी, तराफा, सगळ्यांना नदी मोकळीच होती. न्यूयॉर्कची बाजू कोर्टात नेमकी हीच होती की आम्ही कुणाला नदीवर यायला मनाई केलेली नाही, फक्त अमुक एक यंत्र वापरू नका म्हणतोय, आणि आपल्या हद्दीत नवं यंत्र आणणाऱ्याला बक्षीस द्यायचा राज्याला हक्क आहे.

मार्शलने हे बाजूला सारलं. परवान्याच्या कायद्याला बोट कशाने चालते याच्याशी देणंघेणं नाही, शीड असो की वाफ, बोट ती बोट.

आणि दुसरं, जे विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचो. या निकालात नदी सर्वांची आहे असं एकही वाक्य नाही. वेब्स्टरचा मुद्दा होता की वाणिज्याचा हा अधिकार एकट्या काँग्रेसचाच, राज्यांनी हात लावायचाच नाही. मार्शलने त्या मुद्द्यात वजन आहे म्हणलं पण निकाल त्यावर उभा केला नाही, १७९३ च्या परवान्यावर केला. न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन एकटे पुढे गेले आणि स्वतंत्र मत लिहिलं की परवाना नसता तरी मी गिबन्सच्याच बाजूने निकाल दिला असता. तेव्हा नदी मोकळी झाली हे खरं, पण ती मागच्या दाराने मोकळी झाली.

पाणकावळा

जुनावकील सर, चूक मान्य. शीर्षक जरा जोरात झालं. पण एक म्हणू का, १८१५ सालच्या प्रवाशाच्या जागेवरून बघितलं तर फरक किती उरतो? बत्तीस तासांत जाणारी बोट एकाचीच, तिचं भाडं तो ठरवणार, ऑल्बनीला सात डॉलर. बाकीच्यांना नदी मोकळी आहे म्हणजे चार दिवस वाऱ्याची वाट बघायला मोकळी आहे.

आणि अजून एक फॅक्ट जी धाग्यात टाकायची राहिली, आणि लेखातलं राजदूतवालं वाक्य पण मी गचाळ लिहिलंय, तो १८०१ मध्ये राजदूत म्हणूनच फ्रान्सला गेला, वकिली हा त्याचा जुना पेशा, एवढंच म्हणायचं होतं. तर फॅक्ट ही की गलबतवाले सुरुवातीला मुद्दाम येऊन फुल्टनच्या बोटीच्या चाकांना धडकायचे, इतकं की १८०८ च्या कायद्यात त्यासाठी शिक्षा घालावी लागली. हातावर पोट असलेली माणसं ती, त्यांना कळलं होतं काय येतंय ते.

यंत्रवेडा

मी दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. लिव्हिंग्स्टन आणि फुल्टनला इथे खलनायक केलं जातंय ते मला पटत नाही. वाफेची बोट त्यांच्याआधीही बनली होती, जॉन फिचने १७८७ मध्ये डेलावेअर नदीवर चालवून दाखवली, न्यूयॉर्कने त्याच साली त्याला असाच एकाधिकार दिला होता, १७९८ मध्ये तो काढूनच लिव्हिंग्स्टनला दिला. पण फिचला ना पैसा मिळाला ना प्रवासी, बिचारा खचून गेला. नुसतं इंजिन बसवून भागत नाही, बॉयलर फुटतात, चाकं तुटतात, महिनोन् महिने पैसा ओतावा लागतो आणि परत येईल याची गॅरंटी शून्य. अशा वेळी कुणीतरी वीस वर्षांची हमी दिल्याशिवाय कोण पुढे येणार? फुल्टनने पहिल्यांदा ते धंदा म्हणून चालवून दाखवलं, वेळापत्रकावर. हे श्रेय द्यायला हवं. मक्तेदारी वाईट हे आपण आज आरामात बसून म्हणतो.

पाणकावळा

यंत्रवेडा, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. पण मग जॉन स्टीव्हन्सचं काय? हा लिव्हिंग्स्टनचा सख्खा मेहुणा, होबोकनला राहणारा, हडसनच्या अगदी काठावर. फुल्टननंतर वर्षभरात याची स्वतःची बोट तयार, 'फिनिक्स', इंजिन इथेच बनवलेलं, फुल्टनचं इंजिन तर इंग्लंडहून आणलेलं होतं. पण घरासमोरच्या नदीत चालवायची सोय नाही. शेवटी जून १८०९ मध्ये त्याच्या मुलाने ती बोट उघड्या समुद्रातून फिलाडेल्फियाला नेली, तेरा दिवस लागले, वादळ लागलं म्हणून मध्ये थांबावं लागलं. वाफेच्या बोटीने केलेला तो पहिला समुद्रप्रवास. लोक तो पराक्रम म्हणून सांगतात आणि आहेच, पण तो घडला कशामुळे तर दारातली नदी बंद होती म्हणून! ज्या काळात दहा जणांनी दहा प्रकारे इंजिनं सुधारली असती त्या काळात एकाच घराकडे चावी होती. फुल्टनला बक्षीस द्या, पैसे द्या, जमीन द्या, पण वाट देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

यंत्रवेडा

फिनिक्सचं माहीत होतं पण या कोनातून विचार नव्हता केला. ठीक आहे, वीस वर्षं एकवेळ समजू शकतो, तीस जास्तच झाली. फुल्टन तर १८१५ मध्ये वारला, लिव्हिंग्स्टन त्याच्या दोन वर्षं आधी. म्हणजे नंतरची सगळी वर्षं ज्यांनी काही शोधलं नाही ते वसूल करत होते. इथे माझी बाजू लंगडी पडते हे मान्य.

नाखवा

वाखू (वाचनखूण) साठवली. थोडं मिसिसिपीचं टाकतो कारण हेच लोक तिकडेही पोचले होते. १८११ मध्ये न्यू ऑर्लिन्सकडच्या प्रदेशाने यांना तसाच हक्क दिला, अठरा वर्षांचा. आता मिसिसिपीचं तोंडच न्यू ऑर्लिन्सला. तोंड बांधलं की ओहायो, केंटकी, टेनेसी सगळ्यांचा माल अडला, गहू, डुकराचं मांस, तंबाखू सगळं याच वाटेने जायचं.

तिकडे हेन्री श्रीव्ह नावाचा कप्तान उभा राहिला. 'एंटरप्राइज' बोटीतून त्याने जनरल जॅक्सनच्या सैन्याला रसद पोचवली आणि १८१५ मध्ये तीच बोट न्यू ऑर्लिन्सहून प्रवाहाच्या उलट लुईव्हिलच्याही वर नेली. मग १८१६ ला 'वॉशिंग्टन' बांधली. मक्तेदारीवाल्यांनी त्याच्या बोटी धरल्या, दावे लावले, तो जामीन देऊन सुटायचा आणि पुन्हा यायचा. १८१७ मध्ये न्यायाधीश हॉल यांनी दावा आमच्या अधिकारक्षेत्रात बसत नाही म्हणून काढून टाकला. तत्त्वावर निकाल नाहीच, पण व्यवहारात मिसिसिपी त्यानंतर मोकळी झाल्यासारखीच होती, हडसनच्या सात वर्षं आधी.

तिकडच्या लोकांकडे तर लेखी आधारही होता. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अध्यादेशात स्पष्ट लिहिलेलं की मिसिसिपीला आणि सेंट लॉरेन्सला मिळणारे नाव्य (म्हणजे बोटी चालतील असे) जलमार्ग हे सर्वांचे राजमार्ग राहतील, कायमचे मोकळे, कर नाही, जकात नाही.

शब्दवेडी

कायमचे मोकळे हे कायद्यात लिहिलं होतं हे वाचून अंगावर काटा आला. नाखवा धन्यवाद.

त्या गिबन्स-ऑग्डेनच्या भांडणाबद्दल अजून सांगा ना कुणीतरी. भागीदार होते तर इतकं कसं बिघडलं?

पाणकावळा

घरगुती प्रकरण होतं. गिबन्सच्या लेकी-जावयाच्या वादात ऑग्डेन पडला, त्यातून एका वचनचिठ्ठीवरून गिबन्सला अटक करवली. गिबन्स १८१६ मध्ये चाबूक घेऊन ऑग्डेनच्या घरी गेला आणि द्वंद्वाचं आव्हान दारावर चिकटवून आला. ऑग्डेनने घुसखोरीचा दावा लावला आणि भरपाई मिळवली. यानंतर गिबन्सने ठरवलं की याचा धंदाच बुडवायचा. नदीच्या स्वातंत्र्याची तळमळ वगैरे त्याला होती असं मला कागदपत्रांत कुठे दिसलं नाही, सूड होता.

पण त्याने बोटीवर कप्तान कुणाला ठेवलं बघा, स्टेटन आयलंडचा तेवीस वर्षांचा होडीवाला, कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट. हो, तोच पुढचा रेल्वेवाला. 'बेलोना' बोट घेऊन हा रोज न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागायचा, झेंड्यावर न्यू जर्सी मोकळी झालीच पाहिजे अशा अर्थाचे शब्द, पोलीस पकडायला आले की गायब. कित्येक आठवडे हे चाललं. त्याची बायको सोफिया न्यू ब्रन्सविकला प्रवाशांसाठी खाणावळ चालवायची आणि पोरंही वाढवायची. भाडंही ऑग्डेनपेक्षा कमी ठेवलेलं. निकाल कोर्टात लागायच्या आधीच लोकांनी पायाने लावला होता, कमी पैशात नेणाऱ्या बोटीत बसून.

शेवट मात्र ऑग्डेनचा करुण आहे. गिबन्स १८२६ मध्ये गेला. ऑग्डेन कर्जात बुडाला आणि १८२९ मध्ये कर्जापायी तुरुंगात गेला, स्वातंत्र्ययुद्धात लढलेला माणूस. न्यूयॉर्कला खास कायदा करावा लागला की युद्धातल्या जुन्या सैनिकांना कर्जासाठी कैदेत ठेवू नये, तेव्हा सुटला.

जुनावकील

दोन गोष्टी जोडतो, कारण १८२४ ला सगळं संपलं असा समज होईल.

एक, १८२४ चा निकाल दोन राज्यांमधल्या वाहतुकीपुरता होता. न्यूयॉर्क शहर ते ऑल्बनी हा पूर्ण राज्याच्या आतला प्रवास, तिथे मक्तेदारी अजून जिवंत आहे असं कंपनी म्हणत राहिली. मग 'ऑलिव्ह ब्रँच' नावाची बोट जर्सीच्या काठाला लागून ऑल्बनीला जायला लागली. कंपनीने दावा लावला आणि १८२५ मध्ये न्यूयॉर्कच्याच कोर्टाने मक्तेदारी पूर्ण मोडीत काढली. आणि प्रतिवादी कोण तर जॉन लिव्हिंग्स्टन, ज्याने ऑग्डेनला परवाना विकला होता तोच भाऊ. त्याच साली ऑक्टोबरमध्ये हडसनला ईरी सरोवराशी जोडणारा ईरी कालवा उघडला, म्हणजे नदी मोकळी होण्याला आणि सरोवरांपर्यंत वाट तयार व्हायला एकच गाठ पडली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १८२९, डेलावेअर राज्य, ब्लॅक बर्ड क्रीक नावाची छोटी खाडी. भरती-ओहोटीची, होड्या जाणारी. राज्याने एका कंपनीला दलदल आटवायला तिच्यावर बांध घालू दिला. विल्सन नावाच्या माणसाच्या गलबताने तो बांध फोडून वाट काढली. त्याच्याकडे गिबन्सकडे होता तोच १७९३ च्या कायद्याचा परवाना! आणि न्यायाधीशही तेच मार्शल. तरी विल्सन हरला. मार्शल म्हणाला, दलदल आटवली की जमिनीची किंमत वाढते, लोकांचं आरोग्य सुधारतं, हे राज्याचं काम आहे आणि असल्या छोट्या खाड्यांबद्दल काँग्रेसने काही कायदा केलेला नाही. त्याच परवान्याने पाच वर्षांपूर्वी हडसन उघडली होती आणि इथे एक बांध उघडता आला नाही. म्हणून म्हणलं मागचं दार, ते कधी उघडं असतं कधी बंद.

यंत्रवेडा

हे अजिबात माहीत नव्हतं. मग छोट्या नद्यांचं पुढे काय झालं? नाव्य कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार?

जुनावकील

त्याला १८७१ उजाडावं लागलं. 'डॅनियल बॉल' नावाची बोट, मिशिगनमधली ग्रँड नदी, ग्रँड रॅपिड्स ते ग्रँड हेवन, पूर्ण राज्याच्या आत. परवाना न घेता आणि तपासणी न करता चालवली म्हणून केंद्राने दंड मागितला. इंग्लंडमध्ये भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर नदी नाव्य असा नियम होता, पण अमेरिकेत समुद्रापासून हजार मैल आत मोठाल्या नद्या, तिथे भरती कुठली. कोर्टाने म्हणलं, जी नदी प्रत्यक्षात वाहतुकीला वापरली जाते किंवा वापरता येईल ती नाव्य. आणि तिच्यावरचा माल पुढे दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर बोट राज्याबाहेर न जाताही केंद्राच्या कायद्याखाली येते.

काठावरची

सगळं वाचलं. माहिती खूप मोलाची आहे आणि तरीही एक गोष्ट धाग्यात अजून आली नाही ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. मोकळी, मोकळी म्हणतोय आपण, कुणाला मोकळी? गिबन्स स्वतः गुलाम राखणारा मळेवाला होता. ज्या न्यायमूर्ती जॉन्सन यांनी सगळ्यात पुढे जाऊन मत लिहिलं त्यांच्यासमोर १८२३ मध्ये चार्ल्सटनला हेन्री एल्किसनचं प्रकरण आलं होतं. जमैकाचा स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशी, ब्रिटिश प्रजाजन. दक्षिण कॅरोलायनाचा १८२२ चा कायदा असा की जहाज बंदरात असेपर्यंत कृष्णवर्णीय खलाशाला तुरुंगात ठेवायचं. जॉन्सन यांनी तो कायदा घटनाबाह्य आहे असं लिहिलं, पण सुटका करायचा अधिकार माझ्याकडे नाही असंही लिहिलं. राज्य तो कायदा चालवतच राहिलं. माझ्या मते मार्शलने १८२४ मध्ये अरुंद वाट धरली त्यामागे हे पण होतं, काँग्रेसचा अधिकार पूर्ण आहे म्हणलं असतं तर दक्षिणेत गुलामांच्या ने-आणीचा प्रश्न लगेच उभा राहिला असता.

आणि नाखवा, तुम्ही तो १७८७ चा अध्यादेश लिहिलात ना, कायमचे मोकळे राजमार्ग? त्याच अध्यादेशात ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी नाही असंही कलम होतं. जानेवारी १८४१ मध्ये केंटकीतल्या ग्रॅहमने गुलाम म्हणून ठेवलेले तीन वादक लुईव्हिलला 'पाईक' बोटीत बसले, सिनसिनाटीला उतरले आणि पुढे कॅनडाला गेले. आधीही मालकाच्या परवानगीने ते वाजवायला ओहायो आणि इंडियानात जाऊन आले होते. ग्रॅहमने बोटीच्या मालकांवर भरपाईचा दावा लावला, केंटकीच्या कायद्यात तशी तरतूदच होती की गुलामाला परवानगीशिवाय नेलं तर बोटवाला जबाबदार. बोटवाले म्हणाले, अध्यादेशाच्या भूमीवर पाय ठेवला तेव्हाच ते स्वतंत्र झाले. १८५१ मध्ये सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश टॅनी यांनी सांगितलं की अध्यादेश आता लागू नाही आणि या माणसांचा दर्जा केंटकीचा कायदा ठरवेल.

नदी तीच, बोट वाफेचीच, तिकीट घेऊन बसलेला माणूस मात्र माल.

नाखवा

काठावरची ताई, मी ते कलम निम्मंच वाचून टाकलं होतं. उरलेलं आत्ता वाचलं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

पाणकावळा

मी हा धागा काढताना पताका लावून आलेल्या बोटीवर थांबलो होतो कारण मला तिथे आनंद झाला होता, आणि तो आनंद खोटा नव्हता, जर्सीच्या होडीवाल्याला खरंच वाट मिळाली. पण एल्किसनचं नाव मला माहीत नव्हतं, आणि जॉन्सन यांचं मत मी दोनदा वाचलंय. संपादक मंडळाला विनंती, शीर्षकातले 'एका कुटुंबाच्या हाती' हे शब्द काढून 'हडसनवरची वाफेची मक्तेदारी' असं करता आलं तर करावं. काठावरची, स्ट्रेडर विरुद्ध ग्रॅहमवर, म्हणजे त्या तीन वादकांच्या केसवर, वेगळा धागा तुम्हीच काढा, त्या तिघांची नावं निकालात आहेत, रूबेन, हेन्री आणि जॉर्ज.

काठावरची

काढते. नावांपासूनच सुरुवात करेन.